एक वीत

पिलारला जानेवारी असा येतो
की नदीसुद्धा सावली शोधते.
न्या एमेरेन्सियानाचा निरोप आला:
फ्रिज मेला. तेरेरेला बर्फ नाही. जेवून नको, आधी ये.

मेला नव्हता.
फाटकातूनच ऐकू आलं मला,
कंप्रेसर धापा टाकत होता,
बसायचं कुठे हेच विसरलेल्या माणसासारखा.
मेलेला फ्रिज गप्प असतो.

बटण सातवर. अर्थातच.
सगळेच सातवर नेतात.
आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
मी ते चारवर आणलं, तर बाई माझ्याकडे अशी बघत राहिली
जणू मी तिच्या ताटातला मांडिओका उचलला.

मग दाराची परीक्षा.
खिशातली दोन हजारांची नोट रबरात धरून दार लावलं.
वर घट्ट. बाजूला घट्ट.
खाली बिजागरीच्या कोपऱ्यात सुळकन हातात आली.
"इथून माझं गार पळतं होय?"
"गार पळत नाही, न्या. ऊन आत शिरतं."
रबराच्या घडीत पेरूच्या मुरंब्याचा जुना चिकटा,
त्यात तीन मुंग्या, सुखाने गेलेल्या.
सिरिलोने कोमट पाण्याने पुसलं, व्हॅसलीन लावलं.

वरच्या कप्प्यात बर्फाच्या पिशव्या ठासलेल्या.
धक्क्यावरच्या नावाड्यांना विकते ती,
पिशवीला दोन नाणी, उधारी नाही.
पिशव्यांमागे वाऱ्याचं भोक, भोकावर हातभर पांढरं कवच.
वर जुलै, खाली जानेवारी,
आणि खालच्या दुधाचं दही, न मागता.

"आता पाठ बघू," म्हणालो.
"पाठीला काही झालेलं नाही."
"भिंतीला चिकटवलाय तुम्ही. नाक दाबलंय त्याचं."
"तो तिथेच बरा आहे."
मी समजावलं: हा गारवा बनवत नाही,
आतली धग उचलून मागे नेऊन टाकतो.
टाकायला जागाच नसेल तर
तीच धग घेऊन फिरत बसतो रात्रभर.
ती काही बोलली नाही.
पदराने नव्हे, हाताच्या पाठीने कपाळ पुसलं,
आणि बाजूला झाली.

प्लग काढला. आम्ही दोघांनी ओढला.
मागे सात वर्षांची लोकर,
कोंबडीचं पीस, बाटलीचं झाकण, एक कानातलं.
आणि भिंतीवर, माझ्या छातीइतकी,
तपकिरी रेघ.
पुराची.
रेघेखाली पेन्सिलच्या बारीक खुणा, नीट, सरळ हाताच्या:
चौदा. पंधरा. सोळा. सतरा.
सिरिलोने विचारलं, सतरानंतर काय?
तरुण आहे, विचारतो.
"अठराला होडी आली," ती म्हणाली.
"पेन्सिल त्याच्याच खिशात राहिली."

मी ब्रश घेतला आणि नळ्या घासत बसलो,
लागतं त्यापेक्षा जास्त वेळ.
सिरिलोने सिरिंजने निचऱ्याच्या भोकात गरम पाणी सोडलं,
खाली बशीत शेवाळलेला घोट पडला.
बर्फ शेजारच्या कसायाकडे पाठवला,
दारं उघडी ठेवून फ्रिज रात्रभर वितळू दिला.
जमिनीवर फडकी, फडक्यांवर तिची पावलं.

सकाळी परत ढकलताना तिने विचारलं,
"किती लांब?"
"एक वीत."
"तुझी की माझी?"
माझी मोठी आहे. "तुमची," म्हणालो.
तिने बोटं ताणून भिंतीला लावली,
करंगळी बरोबर पंधरावर.

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेऊन गेलो.
पेल्यातल्या पाण्यात चार अंश.
कंप्रेसर मध्येच थांबला, आणि स्वयंपाकघरात
शेजारच्या कोंबड्याचा आवाज आला,
कितीतरी महिन्यांनी, ती म्हणाली.
पण फटीत तिने झाडू उभा केला होता,
रेघेच्या बरोबर पुढे.
"हवा अडते," म्हणत मी तो काढून दारामागे ठेवला.

मजुरी घेतली, वर पिशवीभर बर्फ.
फाटकाशी पोचून मागे पाहिलं:
झाडू दारामागे नव्हता.