तिसरा दिवस राखीव

चौतीस वर्षं लातूर डेपोत मी गाड्या सोडल्या.
औसा, निलंगा, उमरगा, रेणापूर,
माइकवर नावं घेऊन घेऊन
जिभेवर चाकोरी पडली.
आता डायरीच्या कोऱ्या पानावर पट्टी धरून
रकाने आखतोय:
बुसान. चार रात्री, पाच दिवस.

शुभदा तिथं प्रयोगशाळेत आहे, दीड वर्ष झालं.
म्हणाली, मार्च संपता संपता या,
चेरी फुलते तेव्हा.
मी विचारलं, नक्की तारीख?
हसली. फुलांना डेपो मॅनेजर नसतो, बाबा.
आठवडाभर टिकतात,
पाऊस झाला तर तेवढंही नाही.

ही काय फेरी झाली?
सुटायची वेळ ठरलेली नाही
आणि तिकीट मात्र दोन महिने आधी.

पहिला दिवस. भुयारी रेल्वे, नारंगी मार्ग.
बोमोसाचं देऊळ डोंगरात आहे.
महानंदाच्या गुडघ्यानं विचारलं, पायऱ्या किती?
शुभदा म्हणाली, स्टेशनापासून वर बस जाते.
मी बसचा नंबर मागितला.
नव्वद.
लिहून घेतला, खाली दोनदा रेघ मारली.
बसला नंबर असला
की गाव अगदीच परकं राहत नाही.

दुसरा दिवस. गामचॉन.
उतारावर एकावर एक चढलेली घरं,
निळी, गुलाबी, लिंबाच्या रंगाची.
फोटो दोन बोटांनी मोठा करून महानंदा बघत राहिली.
"एवढी उन्हाची गच्ची
आन् एक कुरडई वाळत घातलेली न्हाई."
मग मला हिशोब ऐकवला:
चीक कधी घोटायचा, शेवया कधी,
पाडवा नेमका त्याच आठवड्यात.
गुढी कुठं उभारायची? हॉटेलात? नवव्या मजल्यावर?
काठी कोण देणार तिथं?
शुभदा फोनमधून म्हणाली, आई, सेल्फीची काठी आहे माझ्याकडं.
महानंदा हसली नाही.
थोड्या वेळानं आत जाऊन
खणाचा एक लहान तुकडा बॅगेत टाकून आली.

मासळीबाजार लांबून.
तिथल्या कोबीच्या लोणच्यातही मासा असतो म्हणे,
म्हणून शेंगाची चटणी दोन किलो,
धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते.

आणि समुद्र?
ह्या रकान्यापाशी पेन अडकलं.
समुद्र आम्ही एकदाच बघितलाय,
गणपतीपुळ्याला, पासवर,
शुभदा कडेवर होती तेव्हा.
महानंदा वाळूत बसली, चपला काढून शेजारी ठेवल्या,
आणि वीस मिनिटांत मी तिला उठवलं.
रत्नागिरीची गाडी चुकली असती.
गाडी चुकली नाही.
त्या दिवशी ती पाऊण तास उशिरा आली.
ह्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आता तिनं डायरीकडं न बघताच म्हटलं,
"ह्या खेपंला घड्याळ पोरीकडं द्या."

डेपोत एक गाडी नेहमी राखीव असायची,
कुठली बंद पडली तर काढायला.
दिवसभर कडुनिंबाखाली उभी,
पाटीवर गावाचं नाव नाही.
तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात मी लिहिलं: राखीव.
समुद्र, एवढाच शब्द, तोही पेन्सिलीनं.
पुढं सुटायची वेळ लिहायला हात गेला,
तो मागं घेतला.

रात्री सव्वादोनला नळ गुरगुरला.
नवव्या दिवशी.
अंधारात घागरी, पाइप, पिंपाचं झाकण,
आणि घाईत झाकणावरच डायरी उघडी राहिलेली.
दुसरा दिवस भिजला. गामचॉनची शाई
वाहत वाहत चौथ्या दिवसापर्यंत गेली.
महानंदानं पान पदरानं टिपलं,
बल्बाखाली धरून बघितलं.
"हे परत लिवा."
लिहितो, म्हटलं.
आधी मोटर लाव, धार बारीक होतेय.