एकशे पस्तीस

कॅमेऱ्याला कळलंच नाही. त्यानं लिहून टाकलं:
भिंग पन्नासचं, छिद्र शून्य.

मिरजेत, सतारमेकर गल्लीत
दोरीला टांगलेले भोपळे, खाली इलाहीचाचा,
दातांत पेन्सिल.
दोनशे बारा फोटो, सगळे एकच खोटं बोलतात.

खरं भिंग भूपाल ढवळेंच्या बंद स्टुडिओतलं,
काचेच्या कडेला बुरशीचा धागा.
कॅमेरा विचारतो, ते मुकं;
बोलायला टाचण्याच नाहीत त्याला.

रात्री एकेक नोंद खोडते.
एकशे पस्तीस. छिद्र चार, बहुतेक.
'बहुतेक'ला रकाना नाही.

राहू दे की पन्नास, कोण बघतंय, म्हणाला भाऊ.
पण पन्नास म्हणजे
मी चाचांच्या गुडघ्याशी बसले होते.

मी तर रस्त्यापलीकडे,
पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर,
त्यांना न विचारता.