दोन ट्रक गव्हात एक मूठ

शनिवारी सकाळी नळी भरायची, हे या घरातलं माझं काम.
दहा मिलीलीटर, कोपरापर्यंत हात बुडवून घेतलेलं;
वरचं पाणी नको, वर नुसतं ऊन आणि मेलेल्या मुंग्या.
थेंब टाकायचे, झाकण दाबून उलटसुलट करायचं,
आणि दहा मिनिटं थांबायचं.
ऱ्होंडा म्हणते, डॅड, तुला थांबता येतं. मला नाही येत.

नळी निळी होते.
जितकी निळी तितकं वाईट,
हे पचायला मला महिना लागला.
आज नळीत निळं,
म्हणजे चार दिवसांनी पायरीच्या कोपऱ्यात हिरवं,
बोट लावलं तर बुळबुळीत.

फॉस्फेट. अब्जात दीड हजार.
अब्ज माझ्या डोक्यात मावेना, म्हणून मी ट्रकने मोजलं :
दोन ट्रक गहू, त्यात दुसऱ्याच कशाची एक मूठ.
एका मुठीसाठी मुलगी दुकानात सत्तर डॉलर मोजून येते.

मी ही मूठ चाळीस वर्षं पेरली.
कुलिनच्या पूर्वेला आमची जमीन म्हणजे पांढरी वाळू,
सुपर टाकलं नाही
तर गहू घोट्याएवढा होऊन विचारात पडायचा.
माझ्या लहानपणी ते रेल्वेने यायचं, तागाच्या पोत्यांतून.
वडील पोत्यात हात घालून नाकाशी न्यायचे,
आई म्हणायची, अहो, पक्ष्यांची घाण ती,
दूरच्या कुठल्याशा बेटावरची.
बेट खरवडून झाल्यावर तिथल्या माणसांनी काय केलं,
हे आमच्या टेबलावर कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आता संशय सगळ्यांवर.
शेजारच्या डार्कोच्या हिरव्यागार लॉनवर,
नळाच्या पाण्यावर, पूर्वेकडून येणाऱ्या धुळीवर,
कुत्र्यावरसुद्धा.
मी नळी उजेडात धरून गंभीर चेहरा करत होतो.
काखेत कळसा, आणि कळसा बिचारा गप्प.

पंपामागे लिंबाचं झाड आहे.
गुरुवारी, सूर्य बुडाल्यावर,
मी बादलीतून मूठ भरतो आणि फेकतो.
झाडाला गरज नाही, ते बरंच आहे.
मनगटाला गरज आहे,
त्या अर्धगोल फेकीची,
शेवटच्या बोटावरून दाणे निसटण्याची.

सत्तर डॉलरचं लँथेनम ओतलं
तेव्हा तलाव दुधासारखा झाला, तळ दिसेना.
ते फॉस्फेटला घट्ट मिठी मारून खाली बसतं म्हणे,
मग शेवाळाला काही मिळत नाही.
दुसऱ्या दिवशी मी तळाची पांढरी साय ओढून काढली,
फिल्टर तीनदा धुतला.
शनिवारी नळी जवळजवळ कोरी.
पुढच्या शनिवारी पुन्हा निळी.

टॅम्सिन अकरा वर्षांची आहे.
फ्रिजवर तिचा कागद, त्यावर माझे आकडे, ठिपक्या-ठिपक्यांनी.
त्या गुरुवारी ती अनवाणी बाहेर आली,
बादली पाहिली, माझ्याकडे पाहिलं नाही.
लिंबाच्या बुंध्याशी टेनिसचा चेंडू ठेवला आणि हात काढून घेतला.
चेंडू जरा थबकला,
मग फरशीवरून निघाला,
काठावरून गेला.
टुप्.

नंतर ती मला घराच्या पलीकडे घेऊन गेली,
कचरापेट्यांमागे, दोन हात रुंद वाळू, कुंपणापर्यंत.
तिथे चेंडू ठेवला. तो रस्त्याकडे गेला.
इकडे टाक, म्हणाली. आईला मी सांगणार नाही,
पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही.

मे महिन्यात तिथे मी गहू पेरला, चार ओळी.
डार्कोने कुंपणावरून विचारलं, हे काय?
गवत, मी म्हणालो.

काल ऱ्होंडा पहाटे पोहत होती,
चाळीस फेऱ्या, थंडीत, वाफा निघत होत्या तिच्या खांद्यांतून.
आज शनिवार. दहा मिनिटं झाली.
नळी अजून किंचित निळी आहे,
आणि शपथ घेऊन सांगतो,
ही माझी नाही.