लेबलाखालचं लेबल

आप्पा चष्मा पुसून पाकीट उजेडाला धरतात,
पूर्वी शंभराची नोट धरायचे तसं.
"वाच," म्हणतात. मी वाचते:
बकऱ्याचं मटण, हाडांसकट. निव्वळ वजन पाचशे ग्रॅम.
पॅकिंगची तारीख. कधीपर्यंत वापरावं.
उणे अठरा अंशांखाली साठवावं.
चौदा आकडी परवाना, बॅच नंबर,
आणि कोपऱ्यात चौकटीतला तपकिरी त्रिकोण.
भांडुपला आमच्या मशीनमधून
असली मिनिटाला चाळीस निघतात.

"बोकड कुठला?"
ते नाही लिहीत, आप्पा.
"मांडी की खांदा?"
तेपण नाही.
"कापला कुणी?"
मी चौदा आकडे पुन्हा वाचते.
ते असे ऐकतात, जणू मी
भलत्याच माणसाचा पत्ता सांगतेय.

चिंचपोकळीच्या दुकानात लेबल नव्हतं.
देवनारच्या डॉक्टरचा जांभळा शिक्का असायचा मांडीवर,
ओला असला की आप्पांच्या बनियनवर उलटा उमटायचा.
आई म्हणायची, आज तुम्हीपण पास झालात वाटतं.
शिक्क्याचा तुकडा सगळ्यात शेवटी विकायचा, हा नियम.
शेपूट राखायची, हा रिवाज.
आणि बोकडच आहे हे कळावं म्हणून
त्याचं बोकडपण लटकत ठेवायचं
गिऱ्हाइकाच्या नाकासमोर.
रेगेमास्तर तेवढं बघायचे,
लाजून तराजूकडे नजर वळवायचे,
"दे अर्धा किलो, धोंडिराम."

हे मी नव्या पोरींना सांगते
कारखान्यात, डबा खाताना:
तेव्हा माणसाचं तोंड हेच लेबल होतं.

आप्पा पाकीट ओट्यावर ठेवतात.
"एक सांगू? एकदा गटारीला
दहाच्या आतच बोकड संपले.
रांग पार पिंपळापर्यंत.
मागे दोन म्हाताऱ्या शेळ्या होत्या.
तुझ्या आईकडून सुईदोरा मागितला.
बोकडाचं काढून शेळीला टाचलं.
आतून टाके. बारीक. शिंप्याला जमणार नाहीत असे.
मास्तरांनी पाहिलं, घेतलं.
श्रावण सरल्यावर आले, म्हणाले,
धोंडिराम, त्या दिवशीचं जरा चिवट होतं रे.
मी म्हटलं, कुकर जुना झाला असेल, मास्तर."

"मग?"

"मग काय. त्यांनी नवा कुकर घेतला."

हसतात. ठसका लागेपर्यंत हसतात.
मग बराच वेळ ओट्याची कड पुसत राहतात.
"तुमचं बरं आहे. मशीन.
मशीनला सुईदोरा कोण देणार?"

मागच्या गुरुवारी
दुकानांतून परत आलेली बाराशे पाकिटं होती.
इनचार्ज काही बोलला नाही.
त्यानं फक्त केस वाळवायचं यंत्र आणलं
आणि माझ्या टेबलावर, प्लग लावून, ठेवलं.
गरम हवेनं गोंद सुटतो.
नाही सुटला तर वरून दुसरं लावायचं,
कडा जुळवून.
तीनशेपर्यंत मी मोजत होते.
अंगठ्याच्या नखाखाली अजून आहे थोडा,
लिंबानं जात नाही, रॉकेलनं जात नाही.

हे मी आप्पांना सांगत नाही.
ते कांदा चिरायला घेतात,
हात अजून तसाच चालतो, न बघता.
"कुकर लावू का गं?"

थांबा, म्हणते.
पाकीट उजेडाला धरते
आणि लेबलाचा कोपरा
नखानं हळूच उचलून बघते,
खाली आणखी एक कोपरा
आहे का.