बारावा

बारा भोकं भरली होती.
अकरा वाजले.

कुंभारीच्या पुढं, क्रशरच्या मागं
खाणीत धूळ बसली,
साचल्या पाण्यावर बगळे परत आले,
माझं एक बोट उघडंच राहिलं.

"दोन एकदम उडाले असतील की, अण्णा,"
शिवलिंग म्हणाला. नवा आहे. लग्न ठरलंय त्याचं.
असतील. नसतीलही.
लाल झेंडा राहू दे म्हटलं.

अर्धा तास थांबायचं.
टिपरवाले हॉर्न मारतात, मुकादम लांबून शिव्या देतो.
मोबाईल पत्र्याच्या डब्यात, बिडी घरी.
पाषाणाच्या आडोशाला कडक भाकरी मोडली
तर तिचाही आवाज केवढा झाला.

तिमण्णामामानं शिकवलं ते थोडकंच.
दांडा लाकडाचा, माती ओलसर, हात हलका.
मामाला उजव्या हाताला दोन बोटं होती,
तंबाखू तेवढ्यातच मळायचा
आणि बाकीच्यांबद्दल विचारलं की
हसून म्हणायचा, मोजायला चुकलो.

कांड्या हाताळल्या की माझं डोकं रात्रभर ठणकतं.
बायको म्हणते ऊन बाधलं, कांदा फोडून देते.
सोलापुरात ऊन सांगितलं की भागतं.

तीस मिनिटं झाली. शिवलिंग उठला.
तू बस.
मॅगझीनची किल्ली त्याच्या हातात दिली,
रजिस्टरात आजची सही बाकी आहे म्हणालो,
आणि उतरलो.

सातव्या भोकातून वात बाहेर आलेली,
अर्धी काळी, अर्धी कोरी,
दप्तराच्या तुटक्या नाडीसारखी.

तिच्यासमोर उकिडवा बसलो.
बारा, म्हणालो,
कुणाला ऐकू जाणार नाही इतकं.