खिशात बोंबील

दुकानदार म्हणाला, दोन झटके द्या,
तिसऱ्याला सरळ चालतो.
तिसऱ्या झटक्याला शेंगदाणा खरंच सरळ चालला.
शेपूट पायांत,
आणि रात्रभर कोरडा खोकला,
अंधारात कुणी विडी ओढत बसल्यासारखा.
अख्ख्या बिल्डिंगीच्या गळ्यातला ताईत तो,
त्याच्या गळ्यात हे.

मी तो पट्टा दंडाला बांधून ओढला.
एकदाच.
आठ लाल ठिपके.
ऑफिसात दिवसभर बाही खाली करून बसलो.

आता छातीवरून जाणारा कापडी पट्टा आहे
आणि माझ्या खिशात सुका बोंबील.
तो ओढतो, मी थांबतो.
एवढंच शिकवायचं, फिलोमिना टीचर म्हणाल्या,
आणि तेही त्याला नाही, तुम्हाला.

गेटपासून केमिस्टपर्यंत चाळीस मिनिटं.
मटणवाल्याच्या दारात आम्ही दोघं उभे,
उधारी मागायला आल्यासारखे.
पेंडुरकर रोज विचारतात, रस्ता चुकलात का?

काल पहिल्यांदाच
पोस्टापासून माहीम दर्ग्याच्या वळणापर्यंत
दोरी मधोमध लोंबत राहिली.
तो मागे वळून बघत होता,
मी आहे ना म्हणून.
बोंबलासाठी असेल.
असू दे.

काटेरी पट्टा कचऱ्यात टाकवेना,
कुणी उचलून वापरला तर?
पक्कडीने एकेक काटा आत वळवला,
आठवा काही केल्या वळेना, तो तोडला.
भंगारवाल्याने वजन केलं:
दोनशे ग्रॅम.
हाताला तर जास्त लागायचं.