रांगेतला पहिला कागद

जिंतूर तहसील, दुपारचे सव्वाबारा.
सहा टेबलं, एक प्रिंटर,
आणि सहाही टेबलांवरून एकच वाक्य:
"मॅडम, माझ्याकडून तर गेलंय."

खरंय. गेलंय सगळ्यांकडूनच.
पोचलं नाही कुठंच.

प्रिंटर खिडकीपाशी हिरवा दिवा लावून उभा,
पोटात कागद, नवं टोनर,
त्याच्याच बटणावरून चाचणीचं पान मागितलं
तर बिनबोभाट देतो.
म्हणजे दुखणं त्याचं नाही.

दुखणं जिन्याखालच्या खोलीत,
जिथं सर्व्हर राहतो एका टेबलफॅनसोबत
आणि मागच्या निवडणुकीच्या पत्र्याच्या पेट्यांसोबत.
गौसमामूंनी किल्ली दिली.
"कामून निघंना गं?"
म्हणलं, बघते.

रांगेत एकसष्ट.
उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर, साहेबांचा दौरा,
कुणाचा तरी रजेचा अर्ज, चारदा.
(निघत नाही म्हणल्यावर माणूस
तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो, दार ठोकल्यासारखं.)
आणि सगळ्यांच्या पुढं, काल पावणेसहापासून,
एकच कागद, चारशे बारा एमबीचा.
स्थिती: हटवत आहे.
रात्रभर हटवतच आहे.

मालक: अभिलेख-२.
म्हणजे वैजनाथ चिलगर,
जे आज सकाळीच सेलूला रुजू झाले,
पासवर्डसकट.

मी रद्द म्हणलं. परवानगी नाही.
पुन्हा म्हणलं. परवानगी नाही.
ज्याच्या यादीतलं एकेक नाव मी माझ्या हातानं भरलं
तो मला विचारतोय, तू कोण.
(तसं दर अकरा महिन्यांनी कार्यालयही विचारतंच.)

परवानग्यांच्या पानावर गेले.
माझ्या नावापुढची एक खूण कुणीतरी काढलेली.
बहुतेक मीच. घाईत.
खूण परत दिली. तरी तो हलेना.

मग उरतं एकच. स्पूलर थांबवायचा,
अख्खं कार्यालय घटकाभर मुकं करायचं
आणि त्या फोल्डरमध्ये उतरायचं
जिथं एकेका कागदाच्या दोन फायली असतात:
एकीत अंग,
दुसरीचं नावच सावली.
रीत अशी की सगळ्याच पुसायच्या.
दहा सेकंदांचं काम.
बाहेर साठ जण पुन्हा रांगेला लागतील, एवढंच.

मी एक जोडी उचलली, पहिली,
आणि बाजूला ठेवली.
स्पूलर चालू.
वरून आधी रोलरचा आवाज आला,
मग प्रयागताईंचा, "आलं गं, आलं!"

त्या एकाचं मूळ शेअर फोल्डरमध्ये सापडलं.
फसली तेराशे बेचाळीस, खासऱ्याचं पान, उर्दू,
वाळवीच्या भोकांसकट.
एक अक्षर सुटू नये म्हणून चिलगरांनी
बाराशे डीपीआयवर धरलेलं.
एवढी काळजी कोणत्या तारेतून जाणार?

मी ते दीडशेवर आणलं,
सगळ्यांच्या मागं सोडलं.

पाऊण तासानं निघालं, फिकं.
गौसमामूंनी चष्मा कपाळावर चढवला,
उजव्या कडेपासून बोट धरलं:
"बावडी, एक. इमली, दोन..."
आणि नावापाशी थांबले.
तिथं नुसते ठिपके.
"हे निघंना."

मी दीडशेचे तीनशे केले
आणि रांगेकडं बघत बसले.